डाव्या हाताचे टप्पे

इंझोरीच्या शाळेत मनकर्णाबाईला ठेवलं होतं ते खिचडी शिजवायला, पोरांना बास्केटबॉल शिकवायला नव्हे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढं तालुक्याहून एक साहेब आले आणि त्यांनी विचारलं, तुमचे कोच कुठे आहेत? तेव्हा अख्खी तिसरी-चौथी स्वयंपाकाच्या खोलीकडे पळत सुटली आणि साहेबांना वाटलं, पोरांना भुका लागल्या.

बाई बावन्न वर्षांची. अंगानं काटक, तोंडानं फटकळ. शाळेत ती जन्मात गेली नव्हती. लग्नानंतर सही तेवढी शिकली, आणि तीही अशी जोर लावून करायची की कागदाच्या मागच्या बाजूनं हाताला लागावी. मोजायची विसाच्या हिशेबानं, तिची आई मोजायची तसं. एक इसा, दोन इसा, पाच इसा झाले की शंभर. नवरा इंद्रभान पाच एकरांत सोयाबीन-तूर पिकवायचा, कमी बोलायचा आणि बायकोचं बोलून झालं की “बरं” म्हणायचा. ही दोघं आणि त्यांची एकुलती एक लेक राखी, एवढंच घर. पण गेली तीन वर्षं राखी या घरात आली नव्हती, आणि त्याला कारण होतं मनकर्णाबाईचं तोंड. गावात हे कोणाला ठाऊक नव्हतं. बाईला मात्र ताटावर बसलं की आठवायचं, आणि ताटावरून उठलं तरी आठवायचं.

त्याचं असं झालं. राखी नऊ वर्षांची असताना सुट्टीत वाशीमला मामाकडे गेली आणि येताना एक जुना, दाणे झिजून गुळगुळीत झालेला बास्केटबॉल घेऊन आली. मामाच्या शेजारच्या पोरानं टाकून दिलेला. आता गावची माती काळी. तिच्यावर हा चेंडू आपटला की तिथंच बसायचा, उठायचं नाव नाही. टणक जागा एकच, घरासमोरचा सिमेंटचा ओटा. त्या ओट्यावर पोरगी सकाळ-संध्याकाळ टप्पे टाकायची. मनकर्णाबाई दारात भाजी निवडत बसायची. पहिले आठ दिवस तिनं शिव्या दिल्या, मग मोजायला लागली.

राखीची नजर सारखी चेंडूवर. ते काही बाईला बघवेना. तो काय पळून जाऊन राह्यला का, इकडं पाह्य, म्हणून तिनं सुपातलं वांगं उचलून धरलं. राखीनं टप्पा न चुकवता ओरडायचं, वांगं! मग मिरची, मग गवारीची शेंग. बोटाच्या पेरांनी ढकल, तळव्यानं भाकरीसारखं थापू नको, हेही तिचंच. चेंडू थापला की आवाज वेगळा येतो आणि ढकलला की वेगळा, हे तिला कानानं कळलं होतं. मोठाल्या मैदानांवरचे लोक नजर वर ठेवायला बोटं दाखवतात, असं राखीनं पुढं कधीतरी घरी येऊन सांगितलं, तेव्हा मनकर्णाबाईनं शेजारच्या रुखमाबाईला आठ दिवस नुसतं पिडलं. मोठे कोच करतात ते आपण वांग्यानं केलं म्हणून.

आठवीला राखी वाशीमच्या वसतिगृहात गेली. तिथून जिल्ह्याच्या संघात, तिथून अमरावतीला कॉलेजात, तिथून पुण्याला. आईला अभिमान वाटायचा, नाही कसा? पण खरं सांगायचं तर अभिमान चारचौघांत वाटायचा. एकटी असली की वेगळंच वाटायचं. संध्याकाळी चार वाजले की अंगणात काही म्हणता काही आवाज नसायचा. तेव्हा बाई घासलेली भांडी पुन्हा घासायला काढायची. लेकीनं मोठं व्हावं हेही तिला हवं होतं आणि लेकीनं ओट्यावर टप्पे टाकावेत हेही हवं होतं. दोन्ही कसं जमावं, याचा विचार तिनं कधी केला नव्हता.

आणि एके दिवशी पुण्याहून फोन आला. राखी सामन्यात पडली होती. गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, ऑपरेशन करावं लागणार, आता मोठ्या संघात खेळणं काही खरं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पोरगी हुंदके देत सांगत होती. मनकर्णाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या तोंडून निघालं, “बरं झालं बाई. आता तरी घरी येशीन.”

पलीकडून फोन बंद झाला.

तिला तसं म्हणायचं नव्हतं, असं म्हणावं तर तेही खोटं. त्या घटकेला तिला तसंच वाटलं होतं. पोरीचा गुडघा गेला हे नंतर मनात शिरलं, आधी शिरलं ते पोरगी येईल हे. ऑपरेशनला इंद्रभान एकटा पुण्याला गेला. आईला आणू नका, असं राखीनं बजावलं होतं. पाय बरा झाला. राखी तिथंच एका खाजगी शाळेत खेळाची बाई म्हणून लागली. दर रविवारी सकाळी बापाला फोन यायचा. इंद्रभान दोन-चार वाक्यं बोलून म्हणायचा, आई इथंच बसली हाय, बोलतं काय? पलीकडून उत्तर यायचं, नंतर. हे नंतर तीन वर्षं झाली तरी आलं नव्हतं. आणि मनकर्णाबाई, जी सरपंचालाही तोंडावर बोलायला भ्यायची नाही, ती नवऱ्याच्या हातातून फोन ओढून घ्यायला भ्यायची. पोरीनं ठेवून दिला तर?

असं चाललं असताना जुलैत शाळेत खेळाच्या सामानाची पेटी आली. दोऱ्या, रिंगा, लेझीम आणि सहा बास्केटबॉल. तिसरी-चौथीला धम्मरत्न सर होते. वाशीमहून रोज मोटारसायकलवर यायचे, भला माणूस, पण त्यांचा सगळा जीव क्रिकेटमध्ये. चेंडू कशाचे आहेत हे त्यांना कळलं, पुढं काय करायचं ते कळलं नाही. पोरांनी लाथा मारायला सुरुवात केली. मनकर्णाबाई तांदूळ निवडत होती. दोन लाथा तिनं सहन केल्या, तिसऱ्या लाथेला उठली.

तो लाथीचा चेंडू नोहे रे पोट्टेहो, म्हणत तिनं चेंडू उचलला, व्हरांड्याच्या शहाबादी फरशीवर एकदा दाबून पाहिला आणि चौथीतल्या शिवमचा हात धरून त्याची बोटं फाकवली. सर बघत राहिले. अर्ध्या तासानं त्यांनी विचारलं की मावशी, हे तुम्हाला कुठून येतं? पाहू पाहू येते, एवढंच ती म्हणाली आणि खिचडीकडे गेली. कारण खिचडी करपली असती तर त्याच सरांनी दुसरं विचारलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारचं जेवण झालं की व्हरांडा झाडून अर्धा तास टप्पे. सहा चेंडू आणि सत्तावीस पोरं. ज्यांच्या हातात चेंडू नाही त्यांनी मोजायचं. मोजायचं अर्थातच मावशीच्या पद्धतीनं, त्यामुळे महिन्याभरात सगळी तिसरी-चौथी इसानं मोजायला लागली. गणिताच्या तासाला शिवमनं पंचेचाळीसला दोन इसा न पाच म्हटलं, तेव्हा सरांनी कपाळाला हात लावला. मावशीनं उलट त्यांनाच विचारलं, चुकलं काय त्याचं?

गुडघे मोडून उभं राहा. पेरांनी ढकला. चेंडू कमरेच्या वर येऊ देऊ नका. तोंड वर. तोंड वर राहावं म्हणून तिचं ते जुनं सूप निघालं. वांगं, बटाटा, टमाटा, एकदा तर गंमत म्हणून तिनं स्वतःची चप्पल धरली आणि पोरं हसून हसून चेंडू विसरली. दुपारी अडीच-तीनला ती सहा चेंडूंची थपथप सुरू झाली की बाईचे कान तिकडेच लागायचे. बरं वाटायचं आणि वाईटही वाटायचं. मग ती पोरांवर उगाच खेकसायची.

गाडी अडली ती डाव्या हातावर.

उजव्या हातानं पोरं झकास टप्पे टाकायला लागली होती. आता डावा, असं म्हटल्याबरोबर सगळी एकमेकांकडे बघायला लागली. मग शिवम खाली बघत म्हणाला की मावशी, डाव्या हातानं कसं, तो तर सकाळचा हात हाय. सगळा व्हरांडा खिदळला. पण हसून झाल्यावरही कोणी डावा हात पुढं करेना. ज्या फरशीवर बसून जेवायचं त्याच फरशीवर, आणि जो चेंडू सगळ्यांनी हाताळायचा त्याला, डावा हात कसा लावायचा? घरोघरी आयांनी हेच तर शिकवलं होतं. आयांचं कशाला, खुद्द मनकर्णाबाईनं सहा वर्षं खिचडी वाढताना हेच केलं होतं. पोरानं डावा हात पुढं केला की पळीचा दांडा हातावर. उजवा! आता त्याच मावशीनं डावा म्हटलं तर पोरांनी कुठलं ऐकायचं? तिनं समजावलं, रागावून पाहिलं, एक दिवस गुळाचा खडा देऊ केला. पोरं डाव्या हातानं दोन टप्पे टाकायची, चेंडू निसटायचा, आणि ती हात चड्डीला पुसायची.

तिसरीतली वैष्णवी तेवढी वेगळी. आठ वर्षांची, मुखदुर्बळ, जन्माची डावखुरी. तिच्या डाव्या हाताला पळीचा दांडा सगळ्यात जास्त बसला होता. ती उजव्यानं लिहायची ते अक्षर कोणाला लागायचं नाही, उजव्यानं टप्पे टाकायची ते दोनाच्या पुढं जायचे नाहीत. सप्टेंबरात एकदा शाळा सुटल्यावर मनकर्णाबाई भांडी आवरत होती. व्हरांड्यातून आवाज आला. थापल्याचा नव्हे, ढकलल्याचा. खिडकीतून पाहते तर वैष्णवी डाव्या हातानं टप्पे टाकत होती, खाली, गुडघ्याच्या उंचीवर, आणि कोणी पाहत तर नाही ना म्हणून सारखी फाटकाकडे बघत होती. बाईच्या हातातलं पातेलं तिथंच राहिलं. या पोरीला आपण मारत आलो, हे तिला लागलं. आणि राखी आठवली. राखी काही डावखुरी नव्हती, पण मोठी झाल्यावर तिचा डावा हात उजव्यापेक्षा सरस चालायचा. तो तिनं कसा तयार केला? ते वाशीमला झालं होतं, वसतिगृहात गेल्यावर. आईनं राखीचा उजवा हात शिकताना पाहिला होता, डावा पाहिलाच नव्हता.

दोन दिवस तिनं काढले. तिसऱ्या दिवशी धम्मरत्न सरांना गाठून म्हणाली की माही लेक पुण्याला हेच शिकवते, तिले इचारा. सर म्हणाले, मग तुम्हीच लावा ना फोन. त्यावर बाई बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली.

“माह्यं नाव नका सांगू, सर. नाव सांगसान तं ती काही पाठवनार नाही.”

सर समजूतदार. पुढं काही विचारलं नाही. इंद्रभानकडून नंबर घेतला, पोरांचा एक व्हिडिओ काढला. उजव्याचे टप्पे, मग डाव्याची फजिती, शेवटी वैष्णवी. मावशी मोबाइलच्या मागं उभी राहून हातांनी इशारे करत होती. सरांनी खाली लिहिलं की इंझोरीच्या शाळेची मुलं आहेत, डाव्या हातासाठी मार्गदर्शन करावं.

दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत सर मोबाइल घेऊन आले. पोरांना फरशीवर बसवलं आणि आवाज मोठा केला. मनकर्णाबाई चुलीकडे तोंड करून उभी राहिली.

“पोट्टेहो, मी राखीताई. मी बी तुमच्याच शाळेची हावो. डाव्या हाताची लाज वाटते ना? मलेबी वाटत होती. आता असं करा, उभं राहून नाही, गुडघ्यावर बसून करा. उजवा हात पाठीमागं घ्या अन् चड्डीचा नाडा धरून ठेवा, सुटला नाही पाह्यजे. डाव्यानं रोज पन्नासच टप्पे. अन् ती शेवटची पोरगी हाय ना, हिरव्या रिबिनीची, तिले कोनी काही म्हनू नका. तिच्यासारखा हात मले यायले दोन वर्सं लागले.”

पोरं वैष्णवीकडे वळून बघायला लागली. वैष्णवीनं दोन्ही हात फ्रॉकखाली लपवले, पण तोंड काही लपवता आलं नाही, ते फुललं होतं. आणि इकडं मनकर्णाबाई खिचडी ढवळत होती, ढवळायची काही गरज नसताना. मले म्हणाली पोरगी. पुण्यात इतकी वर्षं राहून अजून मले-तुलेच बोलते. आवाज जरा भरदार झाला होता. मागं कुठंतरी घंटा वाजली होती, तिच्या शाळेची असेल. तिनं जेवण केलं असेल का तेव्हा? बाईनं सरांना सांगितलं की पोरायले नीट समजलं नसंन, अजून एकदा लावा. सरांनी चार वेळा लावलं. पोरांना पहिल्याच वेळी समजलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून वाढताना पळीचा दांडा बंद झाला. ज्याला ज्या हातानं घ्यायचं त्यानं त्या हातानं घ्यावं, असं मावशीनं जाहीर करून टाकलं. यावरून तीन आया भांडायला आल्या आणि वैष्णवीची आई भुरीबाई तर सगळ्यात पुढं. मावशीनं तिला व्हरांड्यात बसवून लेकीचे टप्पे दाखवले. भुरीबाई बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली की घरी मात्र उजव्यानंच जेवायचं. ठीक, म्हणाली मावशी. एवढं पुष्कळ झालं.

मग हा रिवाजच पडला. सर पंधरा दिवसांनी व्हिडिओ पाठवायचे, राखीताईचा निरोप यायचा. आता डाव्यावरून उजव्यावर. आता चालत चालत. चेंडू बदलताना पायापुढून, इंग्रजी व्ही अक्षर काढल्यासारखा. निरोप पोरांसाठी असायचा, पण त्यातलं एकेक वाक्य मनकर्णाबाई घरी घेऊन जायची. गुडघ्यावर जास्त जोर देऊ नका, मी दिला अन् फसली, असं एकदा राखी सहज म्हणाली, त्या दिवशी बाई जेवली नाही. इंद्रभाननं विचारलं तर दात दुखतो म्हणाली. तीन वर्षांत पोरगी एवढं बोललेली तिनं ऐकलं नव्हतं, आणि त्यातलं एक अक्षरही तिच्यासाठी नव्हतं. तिला वाटायचं, आपण चोरून ऐकतो आहोत. वाटायचं ते खरंच होतं. तरी पंधरा दिवस कधी सरतात असं तिला होऊन जायचं.

डिसेंबरात घोटाळा झाला. पोरं नजर वर ठेवून टप्पे टाकतात हे दाखवावं म्हणून सरांनी व्हिडिओ काढला, आणि वांगं धरलेला मावशीचा हात त्यात आला. हिरव्या बांगड्या, मनगटावरचं गोंदण, सगळं. व्हिडिओ गेल्यावर सरांच्या लक्षात आलं. ते येऊन चुकचुकले. मनकर्णाबाईनं हातातली पळी खाली ठेवली. आता गेलं, ती म्हणाली. आणि झालंही तसंच. पंधरा दिवस गेले, महिना गेला, निरोप आला नाही. रविवारी बापाला फोन यायचा, पण तोही घाईतला. सव्वीस जानेवारीला पोरांनी झेंड्यासमोर दोन्ही हातांनी टप्पे दाखवले, गावानं टाळ्या वाजवल्या, त्याचा व्हिडिओ सरांनी पाठवला. त्यालाही उत्तर नाही. ती आपल्याला ओळखून गप्प झाली, हे बाईनं धरूनच ठेवलं. तिनं शिकवणं काही सोडलं नाही. मात्र भाज्या दाखवताना ती आता कोणाशी हसत नव्हती.

फेब्रुवारीतली एक दुपार. पोरं फरशीवर रांगेत बसलेली, मावशी पातेलं उतरवायच्या बेतात. सर खोलीच्या दारात येऊन उभे राहिले आणि मोबाइल पुढं केला. राखी आहे, म्हणाले, तुम्हालाच मागते आहे. बाईनं ओले हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले, आणि फोन दोन्ही हातांनी धरला.

“आई.”

तीन वर्षांनी. मग तिनं एकदम सगळं टाकून दिलं. मीच होती, म्हणाली, सरायचा काही दोष नाही, मीच नाव सांगू नका म्हटलं होतं, ते वांगं धरलं अन् तुले समजलं.

“मले पयल्याच दिवशी समजलं होतं. पोट्टे इसानं मोजत होते. अख्ख्या जिल्ह्यात इसानं टप्पे कोन मोजते आई?”

म्हणजे सप्टेंबरापासून. म्हणजे ते सगळे निरोप, एकूण एक, मागं आई उभी आहे हे माहीत असून राखीनं पाठवले होते. मनकर्णाबाई तिथंच पाटावर बसली. बोलायचं तर आताच, नाही तर पुन्हा हिंमत व्हायची नाही.

“त्या दिवशी मी बरं झालं म्हनलं, राखी. तुहा पाय मोडला अन् मले तू घरी येशीन एवढंच दिसलं. मायनं असं पाहू नये. चुकली मी, बाई.”

या वेळी राखीनं फोन ठेवला नाही. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली की मले लय राग होता तुहा, अजून थोडा हाय. बाई म्हणाली, असू दे. राखी हसली. रडत रडतच हसली ती, पण हसली. आणि मग तिनं दोन महिने गप्प का होती ते सांगितलं. पुण्याच्या शाळेतलं काम एप्रिलात संपत होतं. वाशीमच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिकेची जागा निघाली होती, त्यांनी होकार कळवला होता. वाशीमला राहिलं तर दर शनिवारी घरी येता आलं असतं. आणि त्याच आठवड्यात पतियाळ्याहून पत्र आलं होतं. कोच व्हायचा वर्षभराचा कोर्स. परीक्षा देऊन ठेवली होती, लागेल असं वाटलं नव्हतं, लागला. तो केला की पुढं कुठं पाठवतील, कुठं राहावं लागेल, सांगता येत नव्हतं. दोन्हीतलं काय घ्यावं ते ठरेना, म्हणून ती कोणाशीच धड बोलली नव्हती.

“दोघायले उद्या कळवायचं हाय. बाबाले अजून इचारलं नाही. तुले इचारतो. काय करू?”

व्हरांड्यात पोरं ताटल्या वाजवत होती. मनकर्णाबाईला शनिवार दिसला. वाशीमची बस, तिच्यातून उतरणारी राखी, चार वाजता ओट्यावर राखी, दारात आपण. तीन वर्षं नव्हे, आठवीला पोरगी गेली तेव्हापासून तिला हेच हवं होतं. आता ते समोर होतं, आणि तिनं फक्त ये म्हणायचं होतं. पोरगी आली असती. बोलण्यावरूनच कळत होतं, आईनं म्हटलं तर ती आली असती.

“तुले काय करू वाटते?” तिनं विचारलं.

“मले शिकू वाटते. पन घरी येऊन तीन वर्सं झाले आई. तू म्हनशीन ते करतो.”

मनकर्णाबाईनं डोळे मिटून घेतले.

“मंग जाय तू. घरचं काय, आमी दोघं कुठी जात नाही. शिकून घे.”

“तू एकटी पडशीन.”

“एकटी कायची? एक इसा न सात पोट्टे हायेत मले. ताटल्या वाजवून राह्यले. ठेव आता, खिचडी लागून राह्यली.”

खिचडी खरंच लागली होती, बुडाला चांगली जाड खरपुडी. पोरांनी नाकं मुरडली आणि खाल्ली. धम्मरत्न सरांनीही खाल्ली. काय झालं, येते का राखी, असं त्यांनी विचारलं. तिचा पतियाळ्याचा नंबर लागला, असं मनकर्णाबाईनं सांगितलं, आणि तेही असं सांगितलं की फाटकाबाहेरच्या चार आयांनाही ऐकू जाईल. मग व्हरांडा झाडला, चेंडू काढले. त्या दिवशी तिनं अर्ध्या तासाऐवजी तासभर शिकवलं, एकदाही खेकसली नाही. पोरांना ते जरा चमत्कारिकच वाटलं.

घरी इंद्रभान तुरीची पोती शिवत बसला होता. ती पाणी प्यायली, त्याच्यासमोर बसली आणि सगळं सांगितलं. शब्दाला शब्द. तो दाभण हातात धरून ऐकत राहिला. या वेळी तो “बरं” म्हणाला नाही.

“तिनं तुले इचारलं?” शेवटी तो म्हणाला.

“हो.”

“मले नाही इचारलं.”

“तुमाले नाही. मले इचारलं तिनं. बाबाले अजून इचारलं नाही म्हने.” हे सांगताना बाईची मान ताठ होती. मग दिवसभर आवरून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. पदर तोंडात कोंबला तरी आवाज राहीना. इंद्रभान गडबडून उठला, कुठं बसावं ते न कळून तिच्या शेजारी पोत्यावरच बसला.

“तूच तं जाय म्हनलं तिले,” तो हळू म्हणाला. “मंग आता कायले रडतं?”

“येत होती ना ती,” मनकर्णाबाई म्हणाली. “मी ये म्हनलं असतं तं येत होती.”